आईच्या आठवणींची वही: तेराव्यापासून वर्षश्राद्धापर्यंत

आई गेली त्याच्या आठव्या दिवशी भावानं माझ्यापुढे एक कागद ठेवला. पेपरात द्यायच्या मजकुराचा नमुना होता. "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, मायेचा सागर." त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण नाव आणि फोटो बदलला असता तर तोच मजकूर आमच्या आळीतल्या कुठल्याही आईला चालला असता. सकाळचं दूध मापून घेतलं की शेजारच्या लेकुरवाळीच्या पातेल्यात वरून एक पळी ओतणारी आमची आई त्यात कुठे दिसत नव्हती.

म्हणून वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आठवणींचं पुस्तक करायचं ठरवलं. ते ९६ पानांचं झालं आणि त्याला अकरा महिने लागले. घरासाठी राबलेल्या आणि दोन्ही हातांनी देत राहिलेल्या आपल्या आई, आजी, आत्या, मावशी किंवा सासूबाईंसाठी असं काही करावंसं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही सगळी रीत सविस्तर लिहिते आहे. तुमच्याकडे तेरावा असेल, चाळिसावा असेल, जलदान विधी असेल किंवा महिन्याची मिस्सा असेल, कामाचा क्रम तोच राहील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशा बाईचं देणं घरात कुठेच लिहिलेलं नसतं. बरंचसं तिनं लपवून केलेलं असतं, कधी घरच्यांपासूनसुद्धा. ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं.

पहिले तेरा दिवस

या दिवसांत लिहायला बसू नका. मन थाऱ्यावर नसतं आणि घरात माणसांची रीघ असते. पण भेटायला येणारी ही माणसं पुन्हा एकत्र येणार नाहीत. ती बसतात, पाणी घेतात आणि आपोआप काहीतरी सांगतात. "परवाच बाजारात भेटल्या होत्या, माझ्या हातातली पिशवी घेतली." अशी वाक्यं संध्याकाळपर्यंत विरून जातात.

दाराजवळच्या कोनाड्यात शंभर पानी वही आणि पेन ठेवा. घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला एवढंच काम द्या: कोण आलं, कुठून आलं, काय म्हणालं आणि त्यांचा फोन नंबर. दोन ओळी पुरतात. आमच्या भाचीनं तेरा दिवसांत ४१ जणांची नोंद केली. त्यातल्या नऊ जणांना आमच्यापैकी कोणीही ओळखत नव्हतं. पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग पुढे त्या नऊ जणांकडून मिळाला.

याच दिवसांत कपाटं आवरण्याची घाई होते. नणंदा, जावा मायेनंच म्हणतात, "चल, साड्या वाटून टाकू." साड्या द्या, पण कागदाचा कपटाही महिनाभर बाहेर टाकू नका. देवघरातली डबी, डाळीच्या डब्याखालचा कागद, पोथीत ठेवलेली पावती, कपाटातल्या साड्यांच्या घडीतलं पाकीट, हे सगळं एका पेटीत जसंच्या तसं ठेवा. कुठली वस्तू कुठे सापडली त्याची चिठ्ठी सोबत घाला.

तिचा फोन आणि तिचे कागद

तिचा मोबाइल कोणाला लगेच वापरायला देऊ नका आणि तो पुसून कोरा तर मुळीच करू नका. त्यात तिचा आवाज असतो. व्हॉट्सअॅपवर नातवाला पाठवलेले "अरे, पोचलास का?" असे बोललेले निरोप पुढे सोन्याच्या मोलाचे होतात. ते एकेक करून ईमेलवर किंवा संगणकावर उतरवून घ्या. घाई करायला कारण आहे. प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो, आणि १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सअॅप खातं पुसलं जातं. तेव्हा हे काम तेराव्यानंतर पहिल्या आठवड्यातच उरका.

रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, शाळेचा दाखला, विम्याची कागदपत्रं वारसाच्या कामाला लागतात. त्यांचे नीट फोटो काढा आणि मूळ कागद ज्याच्याकडे जायला हवेत त्याच्याकडे परत द्या. आठवणींच्या कामात वारसाहक्काचा विषय मिसळू दिलात तर माणसं बोलायची थांबतात.

आता ज्या कागदाकडे कोणाचं लक्ष जात नाही त्याविषयी. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या हजारो बायकांनी तारखेच्या चौकोनात आपली रोजनिशी लिहिली आहे. दूध किती, गॅस कधी लावला, मोलकरणीचा खाडा, कोणाला किती उसने. मागच्या पाककृतींसाठी म्हणून जुनी कॅलेंडरं जपून ठेवायची सवयही पुष्कळ घरांत असते. आमच्या माळ्यावर एकोणीस वर्षांची निघाली. बाईनं कधी रोजनिशी लिहिली नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी ही कॅलेंडरं शोधा. मग वाण्याची वही, भिशीची वही, गॅसचं पुस्तक आणि लग्नकार्यातल्या आहेराच्या याद्या बघा.

वर्षं कशी लावायची

मागच्या पिढीच्या बायकांच्या तारखा जुळवणं अवघड जातं. शाळेच्या जनरल रजिस्टरात आईची जन्मतारीख १ जून १९४७ आहे. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी दाखल करून घेताना वयाच्या अंदाजानं १ जून टाकायचे, त्यामुळे त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. मामा म्हणाला, "स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या साली, गोकुळाष्टमीच्या आसपास." म्हणजे १९४८ चा श्रावण. पुस्तकात आम्ही दोन्ही दिलं, रजिस्टरातली तारीखही आणि मामाचं बोलणंही.

शाळेत किंवा मतदार यादीत नाव शोधताना माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव घेऊन जा. काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे. आपल्या आजीचं माहेरचं नाव घरात कोणालाच सांगता येत नाही, असं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. ते नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर यायलाच हवं.

"कोणत्या साली?" असं विचारून उत्तर मिळत नाही. सगळ्या गावानं एकत्र भोगलेली घटना धरून विचारा. आमच्या पाटण-कऱ्हाडकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप ही अशी खूण आहे. "भूकंपाच्या वेळी कुठे होतीस?" म्हटलं की सत्तरीची बाई घर, अंथरूण, थंडी, कडेवरचं पोर, सगळं सांगते. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर विचारा. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट विचारा. मुंबईच्या गिरणगावात जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप विचारा. आणि महाराष्ट्रात जवळजवळ कुठेही १९७२ चा दुष्काळ. सुकडी (तेव्हा वाटलेलं कोरडं खाणं), लाल मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी), खडी फोडायला जाणं या शब्दांनी आठवणींची दारं उघडतात. "दुष्काळात घरात किती माणसं जेवायला होती?" या एका प्रश्नावर काकूनं मला पाऊण तास दिला.

एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला वर्षं लिहा, मधे अशा खुणा आणि उजवीकडे तिच्या आयुष्यातल्या गोष्टी. आमच्या कागदावर लग्न मे १९६६ ला बसलं, म्हणजे तिला अठरावं अजून पुरं व्हायचं होतं. भूकंपाच्या वेळी थोरला पोटात होता. हे समोर मांडल्यावरच मला उमगलं की अंगणात रात्री काढणारी ती मुलगी एकोणीस वर्षांची होती.

कोणाला विचारायचं, कसं विचारायचं

यादी करताना चार वर्तुळं धरा. माहेरची माणसं, सासरची माणसं, शेजार, आणि चौथं ते लोक ज्यांच्याशी तिचा व्यवहार होता: भाजीवाली, कासार, दूधवाला, शिंपी, घरकाम करणाऱ्या बाई, देवळातले गुरव, दवाखान्यातल्या सिस्टर. सुरुवात सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात आजारी माणसापासून करा. मी मावशीला "दिवाळीनंतर येते" म्हटलं आणि त्याआधीच ती गेली. आईचं लहानपण जाणणारी ती शेवटची होती. त्या प्रकरणात आमच्याकडे दोनच पानं आहेत.

"आई कशी होती?" हा प्रश्न कधीच विचारू नका. "देवमाणूस होत्या" असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. त्याऐवजी हात, जागा आणि वस्तू यांच्याबद्दल विचारा.

"पहिल्यांदा भेटलात तेव्हा तिच्या अंगावर कोणतं लुगडं होतं?" "तुमच्याकडे आली की कुठे बसायची?" "तिनं कधी काही मागितलं का तुमच्याकडे?" "चिडली की काय करायची?" "तिच्या हातचं काय आवडायचं, आणि ती स्वतः काय खायची?" या शेवटच्या प्रश्नाला आमच्या घरात कोणालाच उत्तर देता आलं नाही. मामीनं सांगितलं: शिळी भाकरी, ताक आणि वरून तिखट. सगळे जेवून उठल्यावर.

बायका समोरासमोर बसवून बोलत्या होत नाहीत, हाताला काम असलं की बोलतात. जाताना पावशेर घेवडा घेऊन जा आणि निवडायला बसा. एखादी तिची वस्तू, अडकित्ता, पानाचा डबा, जुना फोटो, हातात द्या. शक्यतो एकटीला भेटा. घरातले पुरुष किंवा सासरची वडीलधारी माणसं बाजूला असली की सूर बदलतो. धाकट्या काकूनं माजघरात सगळ्यांसमोर जे सांगितलं आणि नंतर मागच्या दारी जे सांगितलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसरी खरी होती.

आवाज टिपण्यासाठी साधा मोबाइल पुरतो. मात्र आधी परवानगी घ्या: "मावशी, हे लिहून घेताना चुकू नये म्हणून टेप करते, चालेल का?" फोन विमान मोडवर टाका. पंखा आणि टीव्ही बंद करा, कुकर होऊन जाऊ द्या. फोन स्टीलच्या ताटावर किंवा टेबलावर न ठेवता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे भांड्यांचे आवाज खणखणत नाहीत. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतः बोला. तासाभराहून जास्त बसू नका, दमलेलं माणूस आटोपतं घेतं. घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग नाव, म्हणजे सगळ्या आपोआप क्रमानं लागतात. एक प्रत फोनवर, एक संगणकावर आणि एक दुसऱ्या घरातल्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

उतरवून घेताना बोली सुधारू नका. "तिनं मला कवा बी रिकामं धाडलं न्हाई" हे वाक्य प्रमाण भाषेत आणलं तर ते वाक्य बोलणारी बाई पानावरून निघून जाते.

आजी दळताना गात असेल तर ओव्यांची वेगळी चौकशी करा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या वाचायला, ऐकायला मिळतात. तिथे आपल्या भागातल्या ओव्या वाचून दाखवल्या की म्हातारीला तिच्या स्वतःच्या ओव्या आठवायला लागतात. लग्नातला उखाणाही विचाराच. आईचा उखाणा आत्याला पाठ होता, वडिलांना नव्हता.

देण्याची नोंदवही

या कामाचा गाभा हा आहे, म्हणून इथे वेळ घ्या.

कऱ्हाडजवळच्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि मंगळसूत्रही दिलं. आमच्या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आम्हाला त्या कशामुळे लक्षात राहिल्या? मंगळसूत्र या एका वस्तूमुळे आणि जेवणासाठी, या एका कारणामुळे. "त्यागमूर्ती" म्हणून ही बाई शंभर वर्षं लोकांच्या मनात राहिली नसती.

तोच नियम घरच्या बाईला लावा. एक वही आखा. रकाने असे: कोणाला, काय, किती, कधी, कसं कळलं, दुसऱ्या कोणी दुजोरा दिला का. मग कॅलेंडर, पावत्या आणि मुलाखती यांतून जे येईल ते भरत जा. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग एकाला दुसरं जोडलं जातं.

आमच्याकडची तीन उदाहरणं देते. १९९१ ते १९९६ च्या कॅलेंडरांत दरवर्षी एका चौकोनात "फी" असा शब्द आणि भोवती गोल होता. आमची भावंडं तेव्हा शाळा संपवून बसली होती. हे कोड्यासारखं पडून राहिलं, आणि मग तेराव्यापर्यंतच्या वहीतल्या एका अनोळखी नावाला मी फोन केला. त्या आता अंगणवाडी सेविका आहेत. दहावीचा फॉर्म भरायला पैसे नव्हते, ते आईनं भरले. त्यांचे, आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी आणखी एका मुलीचे.

दुसरं, दिवाळीच्या फराळाचे डबे. घरातले चार, नात्यातले सहा हे आम्हाला माहीत होतं. डब्यांच्या झाकणांवर नेलपॉलिशनं काढलेल्या खुणा मोजल्या तर डबे एकोणीस निघाले. उरलेले नऊ कुठे जायचे ते रिक्षावाल्या काकांनी सांगितलं, कारण डबे तेच पोचवायचे.

तिसरं सापडलं ते साडीच्या घडीत, बँकेची १९८३ ची सोनेतारण पावती. पाटल्या दोन, वजन आणि रक्कम लिहिलेली. त्या वर्षी धाकट्या आत्याचं बाळंतपण अडलं होतं आणि दवाखान्याचा खर्च वडिलांनी केला असं आम्ही चाळीस वर्षं समजत होतो. पाटल्या पुढे सुटल्या की नाहीत? लग्नकार्यातले फोटो वर्षांप्रमाणे लावून बघितले. १९८३ आधी तिच्या हातात पाटल्या आहेत, नंतरच्या एकाही फोटोत नाहीत. आत्याला पावती दाखवली तेव्हा ती बराच वेळ पावती हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "वैनीनं मला सांगितलं होतं, पाटल्या जुन्या झाल्या म्हणून मोडल्या."

पैशाचे आकडे त्या वेळचेच लिहा, आजच्या भावात बदलून देऊ नका. वाचणारा मोठा असेल तर त्याला तेव्हाचे वीस रुपये म्हणजे काय ते कळतं. लहानांसाठी शेजारी त्याच कॅलेंडरावरचा तेव्हाचा दुधाचा भाव दिला की पुरे.

ज्यांना तिनं दिलं त्यांची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय छापू नका. तिनं लपवून दिलं ते त्यांची मान खाली जाऊ नये म्हणून. आपण ते चव्हाट्यावर आणलं तर तिच्या देण्यालाच धक्का लागतो. प्रत्येकाला त्यांचा मजकूर वाचून दाखवा. आमच्याकडे चौघांनी नाव छापायला आनंदानं होकार दिला, दोघींनी नको म्हटलं, आणि एका गृहस्थांनी प्रसंगच गाळायला सांगितला. तो गाळला.

तिच्या हातचं

पाककृती लिहिताना "अंदाजानं मीठ" असं लिहून भागत नाही. तिची वाटी आणि तिचा चमचा शोधा. वाटीत पाणी भरून ते मोजपात्रात ओता, किती मिलिलिटर ते लिहा. जुन्या घरांत चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं असतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण मापं गावोगाव थोडी निराळी असायची, म्हणून घरातल्याच मापानं तांदूळ भरून तागडीवर तोला. मग तिच्या हाताखाली शिकलेल्या सुनेला किंवा लेकीला तोच पदार्थ करायला सांगा आणि बाजूला बसून ती जे घेते ते तोलत जा. सांगितलेलं आणि प्रत्यक्ष घेतलेलं यांत नेहमीच फरक निघतो. आमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल सांगितलं त्याच्या दुप्पट पडत होतं.

पाचच पदार्थ घ्या. पन्नास घेतले तर ते पाककृतींचं पुस्तक होतं आणि बाई बाजूला राहते.

तिच्या मऊसूत सुती साड्यांची वाकळ (गोधडी) शिवून घेणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार चांगली रीत आहे. वरचे थर सुतीच ठेवा. रेशमी आणि नायलॉन त्यात मिसळलं तर एक कापड आटतं, दुसरं आटत नाही, आणि टाके ताणले जातात. शिवण्याआधी सगळ्या साड्या एकदा धुवून घ्या. पण एक साडी धुवू नका, तिचा वास तिच्यात राहू दे. ती सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. जरीच्या साडीजवळ डांबराच्या गोळ्या नकोत, जर काळी पडते, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला.

फोटो

फोटोंचं काम तरुण मंडळींना द्या, ती ते झटपट करतात. एवढं सांभाळा: जुना फोटो अल्बमच्या चिकट पानाला घट्ट बसला असेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयला (एका इंचात किती ठिपके, त्याचं माप), मोठे ३०० ला. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा कोणाचं तरी अक्षर असतं. मोबाइलनं काढायचेच असतील तर खिडकीशेजारी, फ्लॅश न लावता, वरून सरळ.

मोठा ग्रुप फोटो असेल तर त्याची झेरॉक्स काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि ती झेरॉक्स घरोघर फिरवा. नावं आता भरली नाहीत तर दहा वर्षांनी ती भरायला कोणी उरत नाही. घरासाठी राबणाऱ्या बायका फोटोत कमी असतात, असल्या तर कडेला, अर्ध्या, वाढपाचं भांडं हातात घेतलेल्या. तोच फोटो मोठा करून घ्या. मुखपृष्ठासाठी आम्ही स्टुडिओतला फोटो बाजूला ठेवला आणि पंगतीत वरण वाढताना ओणवलेली आई घेतली.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ ओळीत लिहायचा हट्ट धरू नका. आमची प्रकरणं जागांवर होती: माहेरचं अंगण, सासरची चूल, पाण्याचा हौद, दवाखान्याचा बाक, माळा. प्रत्येक जागेला माणसं आपोआप चिकटली.

पहिला खर्डा झाल्यावर लाल पेन घ्या आणि प्रेमळ, मायाळू, सोशिक, कष्टाळू हे शब्द जिथे जिथे असतील तिथे गोल करा. प्रत्येक गोलाला विचारा, कोणी पाहिलं, काय पाहिलं? उत्तर असेल तर शब्द खोडून ते उत्तर लिहा. उत्तर नसेल तर वाक्यच काढा. माझ्या पहिल्या खर्ड्यात अशा ६३ जागा होत्या.

वेगवेगळ्या माणसांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा दोन्ही ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. भाऊ म्हणतो आईनं त्याला कधी मारलं नाही, मला एकदा लाटण्याचा प्रसाद चांगला आठवतो. दोन्ही छापलं आहे.

अवघड पानं

घराला वाहून घेतलेल्या बाईवर लिहिताना तिच्या झिजण्याचाच गौरव होऊ लागतो. मला स्वतःला इथे फार थांबावं लागलं. आई चौथीला तालुक्यात पहिली आली होती आणि सातवीनंतर शाळा सुटली, कारण धाकट्या भावंडांना बघायला कोणी नव्हतं. हे तिनं आनंदानं केलं असं लिहायला मला कोणी सांगितलं होतं? म्हणून प्रत्येकाला एक प्रश्न अधिक विचारा: "तिला स्वतःसाठी काय हवं होतं?" आम्हाला तीन उत्तरं मिळाली. पेटी शिकायची होती. समुद्र बघायचा होता, तो ५८ व्या वर्षी गणपतीपुळ्याला बघितला. आणि मागच्या खोलीला कडी हवी होती, दुपारी तासभर एकटीनं वाचत बसण्यासाठी. कडी शेवटपर्यंत बसली नाही. हे पान लिहिताना वडील समोर होते. त्यांनीच सांगितलं, "लिही. मला आठवतं ती मागायची."

घरातली भांडणं, व्यसनं, जमिनीचे वाद यांतलं किती घ्यायचं? मी एक कसोटी लावली. ते गाळल्यानं तिचं एखादं वागणं समजेनासं होत असेल तर घ्यायचं, तेही जिवंत माणसाला आधी दाखवून. आजाराचे तपशील मोजके ठेवा. शेवटचे दोन महिने आपल्या डोळ्यांसमोर ताजे असतात, त्यामुळे ते पानंच्या पानं खातात. आम्ही त्यांना तीन पानं दिली.

छपाई

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसाच दिसेल अशा अक्षरांत टाइप करा. मुद्रक जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार असेल तर बदलल्यानंतरची प्रत अक्षर न् अक्षर वाचा. ऱ्या, ऱ्हा, श्र, ॲ ही अक्षरं हमखास मोडतात. आमच्याकडे "सुऱ्या" आणि "वाऱ्यावर" पाच ठिकाणी फुटले होते. अक्षर १४ पॉइंटचं घ्या, वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. मुद्रितं (छपाईआधीची तपासायची प्रुफं) दोघांनी वाचावीत, त्यांतला एक घराबाहेरचा असावा.

पानं सोळाच्या पटीत बसवा, मुद्रक सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे छपाईचा एक गठ्ठा, धरतात. ८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद लिहायलाही बरा पडतो. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. फोटोंची पानं एकत्र, चकचकीत कागदावर घेतली तर खर्च आटोक्यात राहतो. एक नमुना प्रत हातात घेतल्याशिवाय पुढच्या छापू देऊ नका. वर्षश्राद्धाच्या आधी निदान सहा आठवडे मजकूर मुद्रकाकडे जायला हवा.

ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी घरातल्या तीन-चार आवाजांत पुस्तक वाचून रेकॉर्ड करा. परदेशातली नातवंडंही तेच ऐकतात, देवनागरी वाचायला अडखळतात म्हणून.

आणि शेवटी आठ पानं कोरी सोडा, ओळी आखून. मुद्रक विचारतो, "ताई, ही रिकामी का?" ठाम राहा. आमच्याकडे वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर भाजीवाल्या मावशी प्रत घेऊन ओसरीवर बसल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून भाचीनं त्यांचं पान मोठ्यानं वाचलं. पुरात गाडा वाहून गेला तेव्हा आईनं पाचशे रुपये दिले, असं तिथे होतं. मावशींनी हात वर करून तिला थांबवलं. "पाचशे पैल्यांदा. धा दिसांनी परत आली आन् आणिक तीनशे दिलं. म्हनली, तागडी राहिली की गं तुझी." भाचीनं पेन्सिल घेतली आणि पहिल्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतलं.